तूप सोडलं, मग कोलेस्टेरॉल येतं कुठून?

डॉक्टर, मी ५३ वर्षांची. जन्मापासून शाकाहारी, अंडंसुद्धा खात नाही. मार्चमध्ये कोलेस्टेरॉल २५६ आलं. त्या दिवसापासून तूप, लोणी, साय बंद. शेंगदाणे आणि खोबरं बंद. भाजी दोन थेंब तेलात. सकाळच्या चहाबरोबर तेवढी दोन-तीन खारी, आणि गुरुवार-एकादशीचा उपास. तीन महिन्यांनी तपासलं तर २४८. एवढं जीव मारून आठ अंक! आमच्या डॉक्टरांनी अ‍ॅटोरवास्टॅटिन १० लिहून दिली आहे, गोळ्या अजून कपाटातच आहेत. जाऊबाई म्हणतात, मेंदू कोलेस्टेरॉलचाच असतो, या गोळीनं विसरायला होतं आणि एकदा सुरू केली की जन्मभर सुटत नाही; त्यापेक्षा आठवडाभर नुसत्या ताकावर राहून लिव्हर साफ कर. वडिलांना ५२व्या वर्षी हार्ट अटॅक आला होता म्हणून भीती वाटते. मी जे खातच नाही ते माझ्या रक्तात येतं कुठून? दोन्ही रिपोर्ट सोबत जोडले आहेत.
– एक वाचक, जि. सांगली

ताई, सप्रेम नमस्कार.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण बाकीची उत्तरं त्यातूनच निघतात. ते येतं तुमच्याच शरीरातून. माणसाचं शरीर रोज साधारण एक ग्रॅम कोलेस्टेरॉल स्वतः बनवतं. अंडी-मटण खाणाऱ्याच्या जेवणातून दिवसाला दोन-तीनशे मिलिग्रॅम येतं आणि त्यातलंही सगळं आतड्यातून शोषलं जात नाही. तुमच्या ताटात दूध-दह्यातलं जे काय थोडं असेल तेवढंच. शेंगदाण्यात, खोबऱ्यात, तिळात ते जवळजवळ नसतंच. तेलाच्या पिशवीवर ‘कोलेस्टेरॉल फ्री’ असं मोठ्या अक्षरात छापतात, त्यात त्या तेलवाल्याची काही कर्तबगारी नाही; वनस्पतीच्या कुठल्याही तेलाला ते लागू आहे.

आणि कच्चा माल म्हणाल तर तो कधीच संपत नाही. भाकरी, भात, साखर, डाळ, तेल, काहीही खा, शरीर त्याचे तुकडे करत करत शेवटी अ‍ॅसिटिल को-ए नावाच्या दोन कार्बनच्या तुकड्यापर्यंत येतं. पेशी हेच तुकडे एकाला एक जोडत जातात. तीस कार्बनची लांब साखळी होते, ती दुमडून चार कडी तयार होतात, थोडी काटछाट होते आणि २७ कार्बनचा कोलेस्टेरॉलचा रेणू हाती येतो. तीसेक पायऱ्यांचं काम आहे हे. कोनराड ब्लॉख आणि फिओडोर लिनेन यांनी त्याचा मार्ग उलगडला, त्यासाठी त्यांना १९६४चं नोबेल मिळालं. केंद्रक असलेली शरीरातली प्रत्येक पेशी हे करू शकते; यकृत आणि आतडी यांचा वाटा मोठा. या लांबलचक वाटेवर सुरुवातीलाच एक फाटक आहे, एचएमजी-कोए रिडक्टेज नावाचं एन्झाइम. ते किती उघडं यावर किती कोलेस्टेरॉल बनणार हे ठरतं. तुमच्या कपाटातली गोळी याच फाटकावर काम करते, त्याकडे नंतर येऊ.

हे फाटक गच्चीवरच्या टाकीतल्या फ्लोटसारखं चालतं. बाहेरून बादली ओतलीत की फ्लोट वर येतो आणि नळ बारीक होतो. बाहेरचं बंद केलंत की नळ मोठा होतो. ताटातलं कोलेस्टेरॉल कमी केलं तरी रक्तातलं त्या प्रमाणात का उतरत नाही, याचं निम्मं कारण हे. उरलेलं निम्मं जास्त महत्त्वाचं आहे, आणि लोकांना ते सहसा कुणी सांगत नाही.

आता जाऊबाईंचं बघू. त्यांच्या पहिल्या वाक्यात तथ्य आहे! कोलेस्टेरॉल विष नाही. प्रत्येक पेशीच्या पातळ आवरणात ते चरबीच्या रेणूंच्या मध्ये घुसून बसलेलं असतं, त्यामुळे आवरण फार सैलही होत नाही आणि कडकही होत नाही. मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी त्याच्यापासून कॉर्टिसॉल बनवतात, रक्तदाब आणि मीठ सांभाळणारं अल्डोस्टेरॉन बनवतात. बीजांडकोशातली इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन, पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन, सगळी त्याचीच रूपं. उन्हात त्वचेत जे ड जीवनसत्त्व होतं, तेही कोलेस्टेरॉल बनण्याच्या एक पायरी आधीच्या रेणूपासून. मेंदूचं वजन शरीराच्या दोन टक्के, पण शरीरातल्या कोलेस्टेरॉलचा पाचवा हिस्सा किंवा त्याहून थोडा जास्त तिथे असतो, बराचसा मज्जातंतूंवरच्या वेष्टनात.

फक्त जाऊबाई पुढचं सांगायच्या राहिल्या. मेंदू स्वतःचं कोलेस्टेरॉल स्वतः बनवतो. रक्तातलं एलडीएल (कोलेस्टेरॉल वाहून नेणारा कण) मेंदूभोवतीचा पडदा ओलांडून आत जातच नाही. रक्तात ते तुमच्यासारखं १६६ असो की ६६, मेंदू त्यातलं घेत नाही. नवजात बाळाच्या रक्तात एलडीएल साधारण ३०च्या आसपास असतं, आणि माणसाचा मेंदू सगळ्यात झपाट्यानं वाढतो तो त्याच काळात. पेशींची गरज अशी थोडक्यात भागते.

रोजचा सगळ्यात मोठा खर्च मात्र मेंदूचा नाही, हार्मोन्सचाही नाही. तो पित्ताचा आहे. यकृत दररोज अर्ध्या ग्रॅमच्या आसपास कोलेस्टेरॉलचं पित्ताम्लांत रूपांतर करतं. ही आम्लं पित्ताशयात साठतात, जेवण झालं की आतड्यात उतरतात आणि तेल-तुपाचे बारीक थेंब करून ते पचायला मदत करतात. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. साखर जाळता येते, चरबी जाळता येते, पण कोलेस्टेरॉलची ती चार कडी फोडायची सोय माणसाच्या शरीरात नाही. कितीही चाला, कितीही घाम गाळा, ते जळून जात नाही. बाहेर पडायची मोठी वाट एकच, पित्तातून आतड्यात आणि तिथून शौचावाटे. त्या वाटेवरही शरीर कमालीचं चिकट आहे. आतड्यात आलेल्या पित्ताम्लांपैकी ९५ टक्के लहान आतड्याच्या शेवटच्या भागातून परत शोषली जातात, यकृताकडे जातात आणि पुन्हा वापरली जातात. दिवसात अशा कितीतरी फेऱ्या होतात. जे पाच टक्के निसटतं, तेवढ्याची भरपाई यकृत नव्या कोलेस्टेरॉलमधून करतं.

म्हणून इसबगोल, जव, ओट, राजमा, वाल, भेंडी यांचा उपयोग. पाण्यात बुळबुळीत होणारा त्यांचा चोथा पित्ताम्लांना धरून ठेवतो आणि सोबत बाहेर नेतो. यकृताला नवी पित्ताम्लं बनवावी लागतात, त्यासाठी ते रक्तातून कोलेस्टेरॉल उचलतं. रोज दोन चमचे इसबगोल भरपूर पाण्याबरोबर घेतलं तर एलडीएल पाच ते दहा टक्के उतरू शकतं. चमत्कार नाही, पण फुकटात मिळण्यासारखं आहे. बाकीच्या गोळ्या आणि इसबगोल यांच्यात दोनेक तास अंतर ठेवा.

आणि आठवडाभर ताक? नको. यकृत साफ करावं लागत नाही. उलट एकदम उपाशी राहून झटपट वजन उतरवलं की पित्तात कोलेस्टेरॉल जास्त होतं, पित्ताशय नीट रिकामं होत नाही आणि खडे धरतात. पित्ताशयातले बहुतेक खडे कोलेस्टेरॉलचेच असतात. कोलेस्टेरॉल हा पदार्थ शास्त्रज्ञांच्या हाती पहिल्यांदा लागला तोही अठराव्या शतकात फ्रान्समध्ये, पित्तखड्यांतूनच. जेवणानंतर वाटीभर ताक प्या, खुशाल.

आता ते उरलेलं निम्मं. कोलेस्टेरॉल पाण्यात विरघळत नाही, म्हणून रक्तातून जाताना त्याला प्रथिनांच्या आवरणाचे कण लागतात. यकृत चरबी भरून कण पाठवतं, वाटेत चरबी उतरत जाते आणि मागे कोलेस्टेरॉलनं भरलेला छोटा कण राहतो, तो एलडीएल. हा कण दोन-तीन दिवस रक्तात फिरतो. शेवटी त्यातले बहुतेक यकृतच परत उचलतं. त्यासाठी यकृताच्या पेशींवर एलडीएल रिसेप्टर असतात. एक रिसेप्टर एक कण धरून आत नेतो, सोडतो, दहाएक मिनिटांत परत वर येतो आणि आपल्या आयुष्यात शंभराहून जास्त फेऱ्या मारतो. रिसेप्टर भरपूर असतील तर कण लवकर उचलले जातात. कमी असतील तर कण रक्तात रेंगाळतात, आणि जितके रेंगाळतील तितके धमनीच्या भिंतीत शिरून साठतात.

ही गोष्ट टेक्सासमधल्या डॅलस इथे मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांनी १९७०च्या दशकात शोधली, १९८५चं नोबेल त्यांना त्यासाठीच. काही मुलांमध्ये आई-वडील दोघांकडून सदोष जनुक येतं आणि हे रिसेप्टर चालतच नाहीत. स्टॉर्मी जोन्स ही टेक्सासचीच मुलगी. तिचं कोलेस्टेरॉल हजाराच्या वर होतं आणि सहाव्या वर्षीच तिचं हृदय निकामी होत आलं होतं. फेब्रुवारी १९८४मध्ये पिट्सबर्गला तिला नवं हृदय आणि त्यासोबत नवं यकृतही बसवलं. हृदय पोचलेल्या नुकसानासाठी, यकृत त्याच्या कारणासाठी. कोलेस्टेरॉल तीनशेच्या आसपास उतरलं. तिचा आहार बदलून जे होण्यासारखं नव्हतं, ते चालू रिसेप्टर असलेल्या यकृतानं केलं. ती पुढे १९९०मध्ये गेली, पण रक्तातलं कोलेस्टेरॉल ठरवण्यात यकृताचा हात किती मोठा आहे हे तिच्या शस्त्रक्रियेइतकं स्पष्ट क्वचितच दिसलं असेल.

तर ताई, तुमच्या रिपोर्टवरचा आकडा म्हणजे तुम्ही काय खाल्लं याची पावती नाही. तुमचं यकृत एलडीएल किती वेगानं उचलतं, याचा तो अंदाज आहे. प्रश्न ‘माझ्या ताटात कोलेस्टेरॉल किती’ असा नाही, ‘माझे रिसेप्टर कशानं कमी झाले’ असा विचारायला हवा. तुमच्या बाबतीत त्याची चार कारणं असू शकतात, आणि बहुधा एकाहून जास्त आहेत.

पहिलं वय. तुम्ही पाळीबद्दल लिहिलेलं नाही, पण ५३व्या वर्षी ती गेली असेल किंवा जाण्याच्या बेतात असेल. इस्ट्रोजेन रिसेप्टरांची संख्या वाढती ठेवतं. ते कमी झालं की एलडीएल चढतं, आहारात काडीचाही फरक न करता. चाळिशीपर्यंत रिपोर्ट उत्तम असलेल्या बायका पन्नाशीनंतर ‘मी असं काय वावगं खाल्लं’ म्हणत येतात, त्यांना हेच सांगावं लागतं.

दुसरं थायरॉइड. थायरॉइड कमी पडलं की रिसेप्टर कमी होतात. तुमच्या दोन्ही रिपोर्टांत टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, नाही. गोळी सुरू करण्याआधी ती तपासणी करून घ्या. टीएसएच बरंच वाढलेलं निघालं तर आधी थायरॉइडचा उपचार. नुसत्या त्यानंही एलडीएल उतरतं, आणि थायरॉइड कमी असताना स्टॅटिन (तुमची गोळी याच गटातली) घेतली तर स्नायू दुखण्याची शक्यता वाढते.

तिसरं घराणं. वडिलांना ५५च्या आत अटॅक, ही मोठी खूण आहे. एका पालकाकडून सदोष जनुक आलेली माणसं अडीचशे-तीनशेंत एक असतात, म्हणजे काही फार दुर्मीळ नाहीत. तुमचं एलडीएल १९०च्या खाली आहे, त्यामुळे ते अगदी ठळक दिसत नाही, पण डॉक्टरांना वडिलांचं जरूर सांगा.

चौथं ताट, पण तुम्ही समजता त्या अर्थानं नाही. संपृक्त चरबी, म्हणजे तुपासारखी थंडीत घट्ट होणारी, यकृताचे रिसेप्टर कमी करते. तुपात ती साठ टक्क्यांहून जास्त, म्हणून तूप आवरतं घेतलंत ते ठीकच. दोन रिपोर्ट शेजारी ठेवून बघा. एकूण आकड्याच्या नादात तुम्ही एलडीएलकडे पाहिलंच नाहीत. ते १७८वरून १६६ झालंय. जवळजवळ सात टक्के. तुमचा जीव अगदीच वाया गेलेला नाही! त्याच काळात ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली साधी चरबी, मात्र १६५वरून १९० झालंय. ते दिवसागणिक बरंच हलतं, त्यामुळे फार अर्थ काढत नाही. पण खारी आणि उपासाचा साबुदाणा मला खुपतोय.

खारीत तुमच्या बंद केलेल्या तुपासारखीच संपृक्त चरबी थर देऊन भरलेली असते. वनस्पती तुपातल्या ट्रान्स फॅटवर २०२२पासून दोन टक्क्यांची मर्यादा आली हे चांगलं झालं, पण तो थर अजून बहुतेक ठिकाणी पाम तेलाच्या घट्ट चरबीचाच असतो, आणि पाम तेलाचा निम्मा भाग संपृक्त. त्यावर मैदा. घरच्या पोळीला लावलेलं चमचाभर तूप सोडून बेकरीची खारी खाणं हा तोट्याचा व्यवहार आहे, आणि हा मी घरोघरी पाहते. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट. यकृत जास्तीच्या पिष्टाची चरबी करून कणांत भरून रक्तात सोडतं, ट्रायग्लिसराइड वाढतं ते असं. उपास सोडा म्हणत नाही. भगर घ्या ती थोडी, राजगिरा, दही, काकडी, फळ घ्या, आणि शेंगदाणे घ्या.

हो, शेंगदाणे परत सुरू करा. त्यांच्या तेलात संपृक्त चरबी पाचव्या हिश्श्याच्या आसपास, बाकी सगळी एलडीएलला न वाढवणारी. मूठभर भाजलेले शेंगदाणे, भाकरीबरोबर चटणी, यात काही वाईट नाही. ओलं खोबरं भाजीवर चिमूटभर चालेल, पण खोबरेल तेलात संपृक्त चरबी नव्वद टक्क्यांच्या घरात असते, तेव्हा ते स्वयंपाकाला रोज नको. भाजी दोन थेंबांत करपवण्याची गरज नाही. एवढं सगळं नीट केलंत तर एलडीएल अजून दहा-पंधरा टक्के उतरेल, म्हणजे १४५च्या आसपास. त्याहून खाली आहारानं जाईल असं मला वाटत नाही.

आणि तेवढं तुम्हाला पुरणार नाही. वडिलांचा इतिहास, एचडीएल (‘चांगलं’ कोलेस्टेरॉल) ४४, एचबीए१सी (तीनेक महिन्यांची सरासरी साखर) ६.१ म्हणजे साखर काठावर, आणि पन्नाशी ओलांडलेली. मला विचाराल तर टीएसएच ठीक आलं की गोळी घ्या. तुमच्या डॉक्टरांचं चुकलेलं नाही.

ती करते काय ते ऐका, म्हणजे धास्ती कमी होईल. ती यकृतातलं ते फाटक अर्धवट लोटते. आत कोलेस्टेरॉल कमी पडल्याचं यकृताच्या लक्षात येतं आणि ते जास्त रिसेप्टर बाहेर काढून रक्तातलं एलडीएल ओढून घेतं. म्हणजे खरा फायदा कमी बनण्यापेक्षा जास्त उचलण्याचा. तुमच्या मात्रेला एलडीएल एक तृतीयांशाहून थोडं जास्त उतरतं, १६६चं साधारण १०५ होईल. या औषधांची सुरुवात जपानमध्ये झाली: अकिरा एन्दो यांनी सहा हजारांहून जास्त बुरशा आणि सूक्ष्मजीव तपासल्यावर १९७३ साली क्योटोतल्या धान्याच्या दुकानातून आणलेल्या तांदळावरच्या बुरशीत असा पहिला पदार्थ सापडला. पुढचे कितीतरी रेणू त्या वाटेवरून आले.

विसराळूपणाबद्दल मोठ्या चाचण्यांमध्ये तसं दिसलेलं नाही. साखर किंचित वाढते, हे खरं आहे. तुमची काठावर आहे म्हणून एचबीए१सी बघत राहायचं, पण हृदयाचा फायदा त्याहून पुष्कळ मोठा. स्नायूंचं दुखणं काहींना होतं. त्याबद्दल लंडनमध्ये एक छान प्रयोग झाला, २०२०मध्ये प्रसिद्ध झाला. त्रास झाला म्हणून स्टॅटिन सोडलेल्या साठ जणांना काही महिने खरी गोळी, काही महिने तशीच दिसणारी पोकळ गोळी आणि काही महिने काहीच नाही, असं आलटून-पालटून दिलं. खऱ्या गोळीवर जेवढा त्रास झाला, त्याच्या ९० टक्के पोकळ गोळीवरही झाला. त्यांचं दुखणं खोटं नव्हतं, पण ते बहुतांशी औषधातून येत नव्हतं. तरी दोन्ही मांड्या किंवा दंड सतत दुखायला लागले, अशक्तपणा आला, किंवा लघवी गडद झाली तर गोळी थांबवून लगेच डॉक्टरांना दाखवा. दुसऱ्या कुणी अँटिबायोटिक लिहून दिलं तर ही गोळी चालू आहे हे सांगा. क्लॅरिथ्रोमायसिनसारखी काही औषधं तिच्याबरोबर चालत नाहीत.

‘सुटत नाही’ म्हणजे काय, तर सवय लागत नाही. बंद केली की यकृत काही आठवड्यांत जुन्या चालीवर येतं आणि आकडा पुन्हा चढतो, एवढंच. शरीर रात्री कोलेस्टेरॉल जास्त बनवतं, त्यामुळे जुन्या, लवकर ओसरणाऱ्या स्टॅटिन रात्री घ्यायला सांगत. तुमची गोळी लांब टिकते. सकाळी आठवते तर सकाळी घ्या, पण रोज घ्या. सहा ते आठ आठवड्यांनी लिपिड प्रोफाइल, म्हणजे हीच कोलेस्टेरॉलची तपासणी, परत करा आणि त्या वेळी एकूण कोलेस्टेरॉलच्या ओळीवर न थांबता एलडीएलच्या ओळीकडे आधी पाहा.

पुढच्या खेपेला रक्त द्याल तेव्हा लायपोप्रोटीन (ए) ही तपासणीही करून घ्या. हा एलडीएलसारखाच एक कण, आणि त्याचं प्रमाण जवळजवळ सगळं आनुवंशिक असतं, त्यामुळे आयुष्यात एकदा तपासली तरी बहुतेकांना पुरते. आणि तुम्हाला भावंडं असतील, मुलं असतील, तर त्यांचंही लिपिड प्रोफाइल या महिन्यात होऊ द्या. वडिलांचा वारसा तुमच्या एकटीकडेच आला असेल असं नाही.

– तुमची डॉक्टर